बिलाच्या मागचा माल बघितलाय का?

अकाउंट्समध्ये नोकरी करणाऱ्याला घरच्या लग्नकार्यात एक प्रश्न ठरलेला असतो, "मग सीए करतेयस का?" आणि नाही म्हटलं की समोरचा "अच्छा, म्हणजे अकाउंटंट" एवढंच बोलतो आणि विषय जेवणाकडे वळवतो. मी सीए नाही. बीकॉम केलं, नोकरी करता करता एमकॉम केलं आणि तेव्हापासून आजपर्यंत मुंबईत वेगवेगळ्या ऑफिसात हिशेबाचंच काम करतेय, आधी व्हाउचर पंच करणारी, मग सीनियर, आता एका कंपनीचं अख्खं अकाउंट्स बघते. सीए लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, ऑडिट रिपोर्टवर सही करायचा अधिकार त्यांचाच आहे आणि तो त्यांचाच असायला हवा, एवढा अभ्यास उगाच नसतो. पण त्या एका सहीच्या आधी वर्षभर पुस्तकं लिहिणारे, बँक जुळवणारे, पार्टीला म्हणजे गिऱ्हाइकाला नाहीतर सप्लायरला फोन करणारे कितीतरी लोक असतात, डोंबिवली-विरारच्या गाडीला लटकून येतात आणि वीस तारखेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, उशिरापर्यंत बसतात. त्यांनी पुढे कसं जायचं यावर फारसं कोणी बोलत नाही. कोर्स कुठला करायचा, सॉफ्टवेअर टॅली की सॅप, एवढ्यावरच चर्चा संपते.

मला विचाराल तर अकाउंट्समध्ये माणूस वाढतो तो एकाच गोष्टीने, समोर जी एंट्री आहे तिच्या मागे प्रत्यक्षात काय घडलं हे त्याला विचारावंसं वाटायला लागतं तेव्हा. बाकी सगळं, म्हणजे पगार, पद, केबिन, हे त्याच्या मागून येतं. कधी उशिरा येतं, पण येतं.

मला हे शिकवलं मस्जिद बंदरच्या एका पेढीवरच्या मेहताजी काकांनी. कॉलेज संपल्यावरची पहिलीच नोकरी होती, मसाल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे, दिवसभर परचेस आणि सेल्स टॅलीत मारायचं काम. काका जुन्या वळणाचे, कीर्द-खतावणी हाताने लिहिलेले, दिवाळीत चोपडीपूजन झालं की पहिल्या पानावर श्री काढायचा मान त्यांचाच. एकदा एका पार्टीची डेबिट नोट, म्हणजे एवढे पैसे कापून घेतोय असं कळवणारा कागद, आली, हळदीच्या मालात वजन कमी भरलं म्हणून. मी ती एंट्री पास करायला घेतली तर ते म्हणाले, "पोरी, आधी गोडाऊनला जाऊन ये, मग एंट्री मार." गेले. गोडाऊनवाल्या मामांनी एक पोतं उघडून हात आत घालायला लावला, वरची हळद कोरडी आणि खाली, भिंतीला टेकलेल्या बाजूला, दमट. मग त्यांनी समजावलं की माल दमट असताना वजन करून घेतला आणि पुढे सुकला तर घट येणारच, म्हणून सौद्यातच घट किती धरायची ते बोललेलं असतं, त्याच्या वरची घट असेल तरच डेबिट नोट मान्य करायची. परत येऊन काकांना सांगितलं तर त्यांनी सौद्याची चिठ्ठी काढून दाखवली, डेबिट नोटेतली घट ठरलेल्या घटीपेक्षा जास्त होती. तेवढ्या वरच्या फरकाचीच डेबिट नोट मान्य आहे असं पार्टीला कळवलं, त्यांनीही मुकाट्याने मान्य केलं.

त्या दिवसापासून माझ्यासाठी डेबिट नोट म्हणजे नुसता कागद राहिला नाही. आजही नवीन मुलगी किंवा मुलगा आमच्याकडे जॉइन झाला की मी त्याला पहिल्या आठवड्यात फॅक्टरीत पाठवते, माल कुठून आत येतो, गेटवर कोण नोंद करतं, वजनकाटा कुठे आहे, रिजेक्ट झालेला माल कुठल्या कोपऱ्यात पडलेला असतो, हे सगळं बघून ये म्हणते. ३१ मार्चच्या स्टॉक टेकिंगला तर मी कोणालाच सुट्टी देत नाही. स्टॉकच्या आकड्यात प्रॉफिट दडलेलं असतं आणि ते एसीत बसून दिसत नाही.

दुसरी शिकवणी बँक रिकन्सिलिएशनची, म्हणजे आपली पुस्तकं आणि बँकेचं स्टेटमेंट ओळ न् ओळ जुळवण्याची. ज्युनियर लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं आणि मला वाटतं की अख्ख्या अकाउंट्समध्ये एवढं शिकवणारं दुसरं काम नाही. चेक दिला पण पार्टीने टाकलाच नाही, का नाही टाकला? तीन महिने उलटले की तो चेक चालत नाही, मग तो परत घेऊन दुसरा द्यायचा की पार्टीशी काही वाद चाललाय म्हणून तो पडून आहे? ऑनलाइन विक्रीचे पैसे पेमेंट गेटवेवाला स्वतःचं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी कापून पाठवतो, तर सेल पूर्ण दाखवून कमिशन खर्चात टाकलंय की नुसती नेट रक्कम सेल म्हणून धरलीय? महिनाभर प्रत्येक ओळीला असे प्रश्न विचारत ही जुळवणी केली ना, की कंपनीचा धंदा कसा चालतो ते मॅनेजरपेक्षा जास्त कळतं. आणि सस्पेन्समध्ये, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, काही टाकायचं नाही. टाकलंच तर त्याच महिन्यात काढायचं, मी तरी हा नियम कधी सोडला नाही.

आता जो किस्सा सांगतेय तो जरा टेक्निकल आहे, पण सांगते, कारण मी काय म्हणतेय ते यातूनच नीट कळेल.

अंधेरीच्या एमआयडीसीत एका कंपनीत होते, शॅम्पू, लोशन असलं बनवायची. पाऊचचं प्लास्टिक वसईच्या एका छोट्या गाळ्यातून यायचं, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेला मायक्रो युनिट. आमच्या साहेबांचा कडक नियम, जीएसटीच्या टू-बीत, म्हणजे सप्लायरनी दाखवलेली बिलं आपल्याला पोर्टलवर दिसतात त्या महिन्याच्या यादीत, बिल दिसल्याशिवाय पार्टीला पेमेंट सोडायचं नाही. नियम चुकीचा नव्हता. १ जानेवारी २०२२ पासून सप्लायरने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवून ते आपल्या टू-बीत आल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वजा करणं, घेताच येत नाही, आणि त्याच्या आधी कितीतरी कंपन्यांचे पैसे अशा न दाखवलेल्या बिलांत अडकलेले मी बघितलेत. तर २०२५च्या फेब्रुवारीत १० तारखेला सहा लाखांचा माल आला, वर अठरा टक्के म्हणजे १,०८,००० जीएसटी, एकूण ७,०८,०००. आमच्या परचेस ऑर्डरवर पंचेचाळीस दिवसांची मुदत लिहिलेली, म्हणजे २७ मार्चपर्यंत पैसे जायला हवेत.

आता गंमत अशी की हा सप्लायर वर्षाला पाच कोटींच्या आतल्या उलाढालीचा, त्यामुळे त्याने तिमाही रिटर्नचा पर्याय घेतलेला. जानेवारी-फेब्रुवारी-मार्चची बिलं तो एकदमच एप्रिलच्या १३ तारखेपर्यंत भरणार आणि आमच्या टू-बीत ती येणार १४ एप्रिलला. साहेबांचा नियम पाळला तर पेमेंट थांबणार १४ एप्रिलपर्यंत. आणि तिकडे इन्कम टॅक्सच्या तेव्हाच्या कायद्याचं कलम ४३बी(एच), जे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालं, ते सांगतं की मायक्रो किंवा स्मॉल युनिटचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला ते बाकी राहिले तर त्या वर्षी तो खर्चच धरता येणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरा. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, नसेल तर पंधराच. म्हणजे सहा लाखांचा खर्च मार्चच्या हिशेबातून बाहेर, आमच्या कंपनीच्या रेटने त्यावर दीड लाखाच्या आसपास टॅक्स एक वर्ष आधी भरायचा, वर एमएसएमई कायद्याप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, आणि ते व्याजही खर्चात धरता येत नाही ते वेगळंच. हे सगळं कशासाठी, तर एक लाख आठ हजारांचं क्रेडिट दिसेपर्यंत थांबायचं म्हणून.

हे मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पकडलं, कारण पेमेंटची लिस्ट बघताना मी नुसती ड्यू डेट बघत नाही, पार्टी मंथली आहे की क्वार्टरली तेही बघते, पोर्टलवर जीएसटी नंबर टाकून शोधलं की ते समजतं. परचेसवाले म्हणाले पैसे सोडा, गाळेवाला रोज फोन करतोय. साहेब म्हणाले नियम म्हणजे नियम. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि अशा वेळी अकाउंट्सवाला बहुतेक करून गप्प बसतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. मी त्या गाळेवाल्याच्या अकाउंटंटला फोन लावला. दादा पार्टटाइम होते, आठवड्यातून दोनदा यायचे, वसईतल्या अशाच बऱ्याच गाळ्यांचं काम बघायचे. त्यांना म्हटलं, दादा, तिमाही रिटर्न असलं तरी मधल्या महिन्याची बिलं पोर्टलवरच्या आयएफएफ या सोयीतून टाकता येतात, १३ मार्चच्या आत आमचं एवढं एक बिल टाका, १४ला आमच्या टू-बीत दिसेल आणि मी त्याच आठवड्यात पेमेंट लावते. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या पार्ट्या आहेत, पण असा फोन कोणी करत नाही, पैसे अडकले की नुसते ओरडतात." त्यांनी ११ तारखेलाच टाकलं. १४ला दिसलं. पैसे गेले, साहेबांचा नियमही मोडला नाही, गाळेवाल्याच्या कामगारांचे पगारही वेळेत झाले.

मग मी साहेबांकडे एक साधी एक्सेल शीट घेऊन गेले, सगळे मायक्रो-स्मॉल सप्लायर, कोण मंथली कोण क्वार्टरली, कोणाची मुदत किती दिवसांची, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला कोणाला फोन करायचा त्याचा कॉलम. मी नवीन काहीच शोधलं नव्हतं, सगळी माहिती पोर्टलवर आणि आमच्याच फायलीत होती, फक्त ती कोणी एका जागी आणली नव्हती. त्यानंतर साहेब पेमेंटच्या मीटिंगला मला बोलवायला लागले, आधी ती मीटिंग परचेस आणि फायनान्स हेडमध्येच व्हायची. आणि पगारवाढीच्या वेळी माझ्याकडे बोलायला काहीतरी होतं. मी खूप मेहनत करते असं मी म्हटलं नाही, मेहनत सगळेच करतात. मी शीट ठेवली आणि मार्चला ४३बी(एच)मध्ये शून्य अडकलंय एवढं सांगितलं. अकाउंट्सवाल्यांनी आपल्या कामाची किंमत आकड्यात सांगायला शिकलं पाहिजे. दुसऱ्यांचे आकडे मांडायला आपण सगळ्यात पुढे असतो पण स्वतःचे मांडत नाही, हे मला फार खटकतं.

बोलण्याचा विषय निघालाच आहे तर ज्यांची दहावी मराठी माध्यमातून झालीय त्यांच्यासाठी सांगते. शाळेत असताना मलाही जमाखर्च कळायचा तो मराठीतूनच, आणि मग पहिल्यांदा ऑडिटर, बँकवाले, कन्सल्टंट अशा मीटिंगमध्ये बसलं की सगळे फाडफाड इंग्लिश, मधूनच शेठ लोकांचं आपसात गुजराती, आणि आपल्याला उत्तर माहीत असूनही तोंड उघडत नाही. माझा उपाय असा की मीटिंगच्या आदल्या दिवशी मी एका कागदावर तीन-चार आकडे आणि त्यांची कारणं लिहून ठेवते. डेटर्स, म्हणजे गिऱ्हाइकांकडून येणं, वाढले, का? अमुक पार्टीने नव्वद दिवसांची उधारी मागितली म्हणून. कारण माहीत असलं ना की भाषा मोडकी असली तरी समोरचा ऐकतो, आणि कारण माहीत नसेल तर इंग्लिश कितीही चांगलं असूदे, दुसऱ्या प्रश्नाला माणूस अडकतो. इंग्लिश शिकायचंच, त्याला पर्याय नाही, मीही ट्रेनमध्ये इकॉनॉमिक टाइम्स वाचूनच शिकले. पण इंग्लिश सुधारेल मग बोलू असं थांबून राहू नका.

नाही म्हणायला शिकणं हा पण वाढीचाच भाग, आणि यात कागदाचा मोठा आधार असतो. एका ठिकाणी वर्ष संपल्यावर मला सांगितलं गेलं की मालकांच्या घरच्या रिनोव्हेशनची बिलं फॅक्टरी रिपेअरमध्ये टाक, मागच्या तारखेची एंट्री कर, कोणाला कळणार आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल लागतोच, एंट्री कधी केली, कधी बदलली, काय बदललं हे सगळं लॉगमध्ये राहतं आणि तो बंद करता येत नाही, ऑडिटरला आपल्या रिपोर्टमध्ये त्याबद्दल लिहावंही लागतं. मी आवाज न चढवता हेच सांगितलं, सर, हा खर्च तुमच्या नावे टाकते, लॉगमध्ये तारीख दिसणार आहे आणि उद्या ऑडिटरने विचारलं तर मला खरं तेच सांगावं लागेल. थोडा वेळ शांतता होती, मग ते म्हणाले ठीक आहे. नोकरी गेली नाही. गेली असती तरी मी तेच केलं असतं, कारण व्हाउचरवर माझं लॉगिन असतं आणि लॉगिन म्हणजे सहीच. नवीन मुलांना कळकळीने सांगते, आपला पासवर्ड कोणाला देऊ नका, सीनियरला सुद्धा नाही.

आणि आता गणपती. अकाउंट्सवाल्याची कॅलेंडरशी लढाई बाकीच्यांना कळणार नाही, सातला टीडीएस, अकराला जीएसटीआर-वन हे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, पंधराला पीएफ-ईएसआयसी, वीसला थ्री-बी हे जीएसटी भरायचं रिटर्न, म्हणजे महिना असा येतो आणि असा जातो. वर टॅक्स ऑडिटची ठरलेली तारीख ३० सप्टेंबर, नेमकं गणपती-नवरात्राच्या तोंडावर. माझं माहेर कोकणातलं, आणि सुरुवातीला सगळं घर दादरहून रात्रीच्या गाडीने निघायचं आणि मी इथे शेड्यूल्स बनवत बसायचे. मुदत वाढेल म्हणून वाट बघायची सवय ऑफिसभर. कधी वाढते, कधी शेवटच्या दिवशी वाढते, त्या भरवशावर तिकीट काढता येत नाही. हातात अधिकार आल्यावर मी पहिली गोष्ट केली ती मंथली क्लोजिंगची. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मागचा महिना बंद, बँक जुळलेली, टू-बी आली की तीही त्याच आठवड्यात जुळवलेली, बिल न आलेल्या खर्चाच्या प्रोव्हिजन टाकलेल्या, आणि मोठ्या पार्ट्यांचे बाकी बरोबर असल्याचे कन्फर्मेशन वर्षाअखेरीस एकदम न मागता दर तिमाहीला. सुरुवातीला लोकांनी कुरकुर केली, साहजिक होतं, रोजचं काम सांभाळून हे करायचं होतं. पण आता जुलैत ऑडिटरच्या हातात ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी, असतो आणि डिपार्टमेंटमधल्या ज्याला गावी जायचंय तो जातो. पाळीने जातात, इथे कोणीतरी राहतंच, पण जातात. माझ्या सगळ्या करिअरमध्ये मला कशाचा सगळ्यात जास्त आनंद असेल तर याचा. माणूस घरच्या आरतीला उभा राहू शकत नसेल तर त्या प्रमोशनचं काय करायचं, असं मला खरंच वाटतं.

सॉफ्टवेअरबद्दल सगळे विचारतात म्हणून दोन शब्द. टॅली नीट शिका, एक्सेलमध्ये पिवट आणि पॉवर क्वेरी शिका, मोठ्या कंपनीत जायचं असेल तर सॅप शिका. बिल स्कॅन केलं की आपोआप एंट्री होते हे आता आमच्याकडेही सुरू झालंय आणि नुसतं पंचिंग करून ज्यांना वर्षं काढायचीत त्यांना ते जड जाणार, हे मी गोड करून सांगणार नाही. पण मशीनने हळदीच्या पोत्यात हात घातलेला नसतो, आणि वसईच्या दादांना फोनही ते करत नाही. तो भाग आपला आहे आणि तो आत्ताच शिकायला घ्या.

आमची सध्याची शिकवणी वेगळीच चालू आहे. १९६१चा इन्कम टॅक्स कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५चा नवीन कायदा, असेसमेंट इयर-प्रीव्हियस इयरच्या जागी एकच टॅक्स इयर, आणि टीडीएसची १९४सी, १९४जे अशी तोंडपाठ असलेली कलमं जाऊन पगार सोडून बाकी जवळजवळ सगळं कलम ३९३च्या तक्त्यात. इतक्या वर्षांची बोटांना लागलेली सवय आहे, ती मोडायला वेळ लागणारच. दर शनिवारी जेवणानंतर आम्ही सगळे एका टेबलाभोवती बसतो, डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवीन, आणि मधल्या रकान्यात आपल्याकडची कुठली पार्टी त्यात येते तिचं नाव. ट्रान्सपोर्टरचा रकाना मागच्या शनिवारी संपला, येत्या शनिवारी भाड्याचा घ्यायचाय, आणि तो मांडायची जबाबदारी आमच्यातल्या सगळ्यात नवीन मुलीने स्वतःहून मागून घेतलीय.